बारावीची अट, दहावीचा निर्णय

दहावीचे निकाल लागले की पुढचे पंधरा-वीस दिवस आमच्याकडचा फोन जरा जास्तच वाजतो. मी अठ्ठावीस वर्षं कर्जत तालुक्यात शाळेत विज्ञान शिकवलं, माहेर खालापूरकडचं. त्यामुळे दोन्ही तालुक्यांत नातेवाईक, जुने विद्यार्थी आणि त्यांचे शेजारीपाजारी असा भलामोठा गोतावळा. "बाई, पोरीला सायन्सला घालतोय, चालेल ना?" हा ठरलेला प्रश्न. मी विचारते, "विषय कोणते घेतलेत?" पलीकडे शांतता. मग दबकत उत्तर येतं, "सायन्स... म्हणजे सगळंच असतं ना त्यात?"

नसतं हो! आज लिहायला बसलेय ते त्यावरच. आणि उदाहरण घेणार आहे दातांच्या डॉक्टरचं. कारण गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या घरात त्याचा पुरता अभ्यास झालाय.

आधी नियम काय ते सांगते. बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, एकूण पाच वर्षांची. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र (किंवा जैवतंत्रज्ञान) आणि इंग्रजी हे विषय हवेत. नुसते घेतलेले नाही, प्रत्येकात स्वतंत्र पास हवं. शिवाय भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्हींचे मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण. आणि वर 'नीट' ही परीक्षा. गणित? लागत नाही. यादी एवढीच. चार ओळींत मावते.

नीटबद्दल आमच्याकडे अजून गोंधळ आहे, म्हणून तेही सांगून टाकते. ही परीक्षा पहिल्यांदा झाली २०१३ साली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात ती रद्द ठरली आणि २०१६ मध्ये परत आली. महाराष्ट्रात राज्याच्या जागांसाठी २०१६ साली शेवटची सीईटी झाली, २०१७ पासून सगळं नीटवर. सीईटीत आजही भौतिक-रसायन-जीवशास्त्राचा गट आहे, पण तो फार्मसी वगैरेंसाठी, दंतवैद्यकाला तो चालत नाही. दुसरा गोंधळ टक्के आणि पर्सेंटाइलचा. बारावीला हवेत ते ५० टक्के, म्हणजे शंभरातले पन्नास गुण. नीटला खुल्या गटाला लागतं ते ५०वं पर्सेंटाइल, म्हणजे परीक्षेला बसलेल्या मुलांपैकी निम्म्यांच्या पुढे असणं. दोन्ही आकडे पन्नासच, अर्थ वेगळे. आणि पर्सेंटाइल मिळालं म्हणजे सीट मिळाली असंही नव्हे, रांगेत उभं राहायची परवानगी मिळाली एवढंच. नीट मराठीतूनही देता येते, हे मात्र कित्येकांना ठाऊकच नसतं.

आता कुणी म्हणेल, अटीच कशाला हव्यात? मला हे पटत नाही. अट हवीच. बीडीएसच्या पहिल्याच वर्षी अख्ख्या शरीराची रचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन शिकायचं असतं. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीव, आणि दात भरायला, साचे घ्यायला जे जे पदार्थ वापरतात त्यांचं शास्त्र. एक्स-रे आला की भौतिकशास्त्र आलं. वेडेवाकडे दात तारेने सरळ करायचे म्हणजे बलाचाच हिशोब. ज्याने पेशी म्हणजे काय हे दहावीनंतर वाचलंच नाही, तो पहिल्या सहा महिन्यांतच बुडेल.

आणि अटी नसल्या की काय होतं तेही आपल्या देशाने पाहिलंय. कोलकात्याला डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली देशातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय काढलं. पण कोण दंतवैद्य आणि कोण नाही, हे देशभर कायद्याने ठरायला १९४८ चा दंतवैद्य कायदा यावा लागला. बाजारात चादर अंथरून, समोर काढलेल्या दातांचा ढीग मांडून बसलेला माणूस आमच्या आधीच्या पिढीने पाहिलाय. तेव्हा अट नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. माझं भांडण अटीच्या वेळेशी आहे.

कागदावर अट बारावीची आहे. पण ती पाळली जाते की मोडली जाते, ते ठरतं दहावीच्या निकालानंतर, अकरावीच्या प्रवेशात. दोन वर्षं आधी! पंधरा-सोळा वर्षांचं पोर, धावपळीत असलेले आईबाप, आणि कॉलेजच्या खिडकीपुढची रांग. तिथे एका मिनिटात जो विषय सुटतो, त्याच्याबरोबर पाच-सहा अभ्यासक्रमांचं दारही मिटतं. आणि ते मिटलं हे कळतं बारावी झाल्यावर, फॉर्म भरताना.

हे होतं कसं ते बघा. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाला. आपल्याकडची मुलंही आता फॉर्म भरतात, पसंतीक्रम देतात. त्यात कॉलेज निवडतात, शाखा निवडतात. 'विज्ञान' लिहिलं की घरच्यांना वाटतं झालं काम. पण विज्ञानात पुढे फाटे आहेत. इंग्रजी सक्तीचं, मग भौतिक, रसायन, आणि त्यापुढे गणित, जीवशास्त्र, दुसरी भाषा, भूगोल असे पर्याय. त्यात बायफोकल नावाचा एक प्रकार. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असा दोनशे गुणांचा व्यवसाय विषय. तो घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडायचा. इंजिनीअरिंगच्या वाटेला लागलेली मुलं कोणता सोडतात? अर्थातच जीवशास्त्र.

आमच्या भागात बायफोकलचं आकर्षण का, तेही समजण्यासारखं आहे. खालापूर तालुका म्हणजे कारखान्यांचा तालुका. खोपोली म्हणा, रसायनी म्हणा, घराघरात कुणीतरी एक प्लांटवर कामाला असतो. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तर कुठेतरी चिकटेल, हा बापाचा साधा हिशोब. त्यात दोनशे गुणांचा विषय, प्रॅक्टिकलला मार्क चांगले पडतात, टक्केवारी वर जाते. यात चूक काहीच नाही. फक्त त्या हिशोबात एक रकाना कमी असतो: या विषयाच्या बदल्यात काय जातंय?

माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचं असंच झालं. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला आवडायचं नाही. (आणि ती हा ब्लॉग वाचते!) दहावीला छान ८६ टक्के. एका कॉलेजात प्रवेश झाला. ऑफिसात सांगितलं, "बायफोकल घ्या, स्कोअरिंग आहे." घेतलं. जीवशास्त्र गेल्याचं कुणाला वाईटही वाटलं नाही, बेडूक चिरायची कटकट गेली म्हणून उलट हसण्यावारी नेलं.

मग बारावीच्या दिवाळीत आजीच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला. आजी आयुष्यभर मिशरी लावणारी. तंबाखू भाजून केलेली ती काळी भुकटी आपल्याकडच्या बायका सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर फिरवतात, आणि ते व्यसन आहे असं त्यांना कधी वाटतही नाही. आजीला नवी मुंबईच्या एका दंतवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यायचं ठरलं. सोबत कोण? घरात मोकळी हीच. चार-पाच खेपा झाल्या. तुकडा काढून तपासला, सुदैवाने वाईट काही निघालं नाही. मिशरी सुटली. आजीची मिशरी सोडवणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात आजी आहे त्यालाच कळेल :)

पण त्या खेपांमध्ये पोरीने काहीतरी पाहिलं. तिथली एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आजीशी तिच्याच बोलीत बोलत होती, आरसा हातात देऊन तिचं तिलाच तोंड दाखवत होती. घरी येऊन पोर म्हणाली, मला हेच करायचंय. तिने कधी नव्हे ते स्वतःहून काहीतरी ठरवलं होतं. आणि तेव्हा कळलं की बारावीला जीवशास्त्र नाही. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, ७२० पैकी ३६० गुण त्या एका विषयाचे. म्हणजे नियम बाजूला ठेवला तरी अर्धी परीक्षा तिने न शिकलेल्या विषयाची होती.

यात दोष कुणाचा? ऑफिसातल्या माणसाचा? त्याने जे खरं तेच सांगितलं, विषय स्कोअरिंग आहेच. आईबापाचा? आई सातवी शिकलेली, बाप शिफ्टवर. पोरीचा? सोळाव्या वर्षी तिला काय माहीत की अठराव्या वर्षी आजीला चट्टा येणार आहे? माणसाला काय व्हायचंय हे काही आयुष्यातल्या एखाद्या प्रसंगावरून सुचतं, आणि तो प्रसंग अकरावीच्या प्रवेशाची तारीख पाहून येत नाही.

आता पलीकडचं उदाहरण. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिची मुलगी तिकडे दंतवैद्यक शिकतेय. तिकडची यादी आपल्याहून लांब आहे: जीवशास्त्र, सामान्य रसायन, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र, सगळं प्रयोगशाळेसकट, आणि बऱ्याच ठिकाणी जीवरसायनही. प्रत्येक कॉलेजची यादी थोडी थोडी वेगळी. वर 'डॅट' नावाची परीक्षा. पण ही यादी पुरी करायची ती शाळेत नाही, कॉलेजात. पदवी कोणत्याही विषयाची चालते, यादीतले विषय झाले की पुरे. आमच्या भाचीने पदवी घेतली अर्थशास्त्राची. बाविसाव्या वर्षी मन बदललं. मग दोन वर्षं स्थानिक कॉलेजात एकेक विषय घेऊन यादी पुरी केली आणि अर्ज केला. कुणी तिला म्हणालं नाही की बाई, तू सोळाव्या वर्षी वेगळा रकाना भरला होतास.

अमेरिका चांगली आणि आपण वाईट, असं मात्र मला म्हणायचं नाही. तिकडे आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षं दंतवैद्यक. शिकता शिकता तिशी जवळ येते आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षांत मुलगी डॉक्टर होते, खालापूरच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्या बापाला हेच परवडणारं आहे. आपली पद्धत लवकर सुरू होते म्हणून स्वस्त पडते. पण जी पद्धत लवकर दार लावते, तिने दार लावण्याआधी मोठ्याने हाक तरी मारावी की नाही? आणि उशिरा येणाऱ्यासाठी एक खिडकी?

खिडकी थोडी उघडली आहे, हेही सांगायला हवं. पूर्वी अट होती की अकरावी आणि बारावी दोन्ही वर्षं हे विषय नियमित, सलग शिकलेले हवेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं की बारावी झाल्यावर जीवशास्त्र जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून पास झालेल्यांनाही नीटला बसता येईल. नीटला वयाची वरची मर्यादाही आता नाही. आपल्या राज्य मंडळात आधीच पास झालेल्यांना एखादा विषय वेगळा देता येतो, त्याला मंडळाच्या भाषेत 'तुरळक विषय' म्हणतात. किती गोड शब्द आहे! पावसाच्या बातमीतला वाटतो. मात्र आयोगाचा तो निर्णय एमबीबीएसच्या संदर्भातला आणि बीडीएसचे नियम करणारी संस्था वेगळी. तेव्हा या वाटेने जाणाऱ्याने त्या वर्षीची नीटची माहितीपुस्तिका ओळ न ओळ वाचल्याशिवाय वर्ष पणाला लावू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चित्रावर तर मुळीच नाही.

आमची पोर त्याच वाटेने निघाली आहे. पुस्तिका वाचली, तुरळक विषयाचा फॉर्म भरायचं ठरवलं. प्रॅक्टिकल करू देणारं कॉलेज शोधायला महिना गेला. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने हो. आता सकाळी माझ्याकडे येऊन वनस्पतींच्या ऊती शिकते आणि दुपारच्या लोकलने खोपोलीकडे परत. होईल की नाही, माहीत नाही. पण दोन वर्षं गेली ती गेलीच. पैसेवाल्या घरात दोन वर्षांना 'गॅप' म्हणतात. तिच्या घरात दोन वर्षं म्हणजे "आता लग्नाचं बघूया का?" हा प्रश्न दोनदा.

आणि गंमत (की विटंबना?) अशी की इकडे मुलं दाराबाहेर आणि तिकडे खुर्च्या रिकाम्या. २०२०-२१ साली देशभरात बीडीएसच्या सात हजारांहून जास्त जागा रिकाम्या होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने त्या वर्षापुरतं नीटचं पर्सेंटाइल दहाने खाली आणायला सांगितलं. म्हणजे गुणांची अट वेळ आली की वाकते. खासगी कॉलेजांच्या फीपायीही जागा रिकाम्या राहतात, ते दुखणं वेगळं. पण वाकायचंच असेल तर तिने आधी त्या मुलीसाठी वाकावं जिला शिकायचंय, पण सोळाव्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं.

अजून एक फास आहे, तोही अटींच्या यादीत ठळक दिसत नाही. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी महाराष्ट्राचा अधिवास तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी, दोन्ही साधारणपणे महाराष्ट्रातूनच पास झालेली हवीत. काही अपवाद आहेत, ते बहुतेक बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी. आता कर्जतचीही एखाद-दोन मुलं कोट्याला जाऊ लागली आहेत. तिकडे क्लास आणि तिकडचीच बारावी केली तर आपल्याच राज्यातली सीट जाते. क्लास कुठेही लावा, बारावीचा फॉर्म कुठे भरताय ते बघा.

आणि आपल्या डोंगरपट्ट्यातल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी मुलांसाठी तर विषयांइतकीच मोठी अट म्हणजे जातवैधता. जातीचा दाखला वेगळा, वैधता प्रमाणपत्र वेगळं. आजोबांच्या शाळेचा दाखला, महसुली नोंदी, वंशावळ... ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांनी हे कुठून आणायचं? म्हणून ते काम अकरावीतच सुरू करायचं. नीटचा निकाल लागल्यावर धावाधाव केली तर गुण असून सीट जाते. या मुलांमधून दातांचे डॉक्टर व्हावेत याची गरज मला सगळ्यात जास्त वाटते. मिशरी, तंबाखू, गुटखा जिथे घराघरात आहे, तिथल्या बाईला तिच्या बोलीत समजावणारी मुलगी तिथूनच यायला हवी. शहरातून आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर दात काढील, सवय नाही काढू शकणार.

एक गोष्ट मात्र यादीत मुळीच नाही: हात! बीडीएसच्या पहिल्या वर्षी मुलांना मेणातून दात कोरायला बसवतात. कॅनडातल्या परीक्षेत तर कित्येक वर्षं साबणाचा ठोकळा कोरायला देत. आमच्या शेजारच्या पेण तालुक्यात गणपतीच्या कारखान्यांत डोळे आखणारी पोरं पाहिली की वाटतं, यांच्यातले किती जण उत्तम दंतवैद्य झाले असते. पण त्यांच्यातल्या कितींना अकरावीत कुणी सांगितलं असेल की जीवशास्त्र ठेव?

तर मागणं काय आहे? फार मोठं नाही. सरकारला एकच: अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्येच विषयही निवडू द्यावेत, आणि जीवशास्त्र सोडताना समोर एक ओळ यावी की हा विषय नसेल तर या या अभ्यासक्रमांना अर्ज करता येणार नाही. गणित सोडतानाही तशीच. मोबाइलवर पैसे पाठवताना दोनदा विचारतात 'नक्की?', तर पोराच्या आयुष्याबद्दल एकदा विचारायला काय हरकत आहे?

शाळांना: दहावीच्या जानेवारीत एक पान फळ्याशेजारी लावा. कोणत्या वाटेला कोणता विषय, एवढंच. निकालानंतरचं मार्गदर्शन शिबिर म्हणजे गाडी सुटल्यावर वेळापत्रक वाचणं. आणि कर्जतकरांना गाडी सुटणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आणि आपल्याला, म्हणजे काका, मावशी, आत्या, शेजारी, जे हे वाचताय त्यांना: पोराचं ठरलेलं नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवायला सांगा. ओझं होतं, मान्य आहे. दोन्ही घेऊन दमलेली मुलं मी वर्गात पाहिली आहेत, आणि ज्याला चित्रकला किंवा वाणिज्यच करायचंय त्याला यात ओढू नका. पण "अजून ठरत नाहीये" म्हणणाऱ्या मुलासाठी दोन वर्षांचं ओझं हे पुढे गेलेल्या दोन वर्षांपेक्षा हलकं असतं.

पेढे द्यायला आलेल्या मुलाला आपण किती टक्के ते विचारतो. त्याऐवजी यंदा विचारा, विषय कोणते घेतोयस? उत्तर आलं नाही तर त्याला खाली बसवा, चहा ठेवा, आणि ती चार ओळींची यादी त्याच्यासमोर काढून दाखवा.

तुमच्याकडे कुणाचं असं झालं असेल, किंवा तुरळक विषय देऊन कुणी पुढे गेलं असेल, तर जरूर लिहा. आमच्याकडची एक मुलगी वाचतेय, तिला उपयोग होईल.